साभार परत आल्यावर



आजचं बोलणं लिहिणाऱ्या बाईबद्दल आहे. तुमच्यातल्या कितीतरी जणी आम्हाला फोन करतात आणि जवळजवळ एकच गोष्ट विचारतात. माझी एक वही भरली आहे, हे छापून कसं येईल? मग थोडं थांबतात आणि आवाज खाली आणून दुसरं विचारतात, घरात एवढं सगळं चालू असताना हे करावं का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, आज ते नीट देणारच आहोत. दुसऱ्याचं उत्तर देणं अवघड आहे. पण त्याला बगल दिली तर पहिल्याला काही अर्थ उरत नाही.

आम्ही म्हणजे नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या काही लिहित्या बायका. कुणी अंगणवाडीत आहे, कुणी शिवणकाम करते, दोघी शाळेतून निवृत्त झालेल्या आहेत, चौघी-पाचजणी शेतातच असतात. महिन्यातून एकदा भेटतो. कधी नांदेडला, कधी लातूरला, आणि एस. टी. च्या तिकिटाला पैसे कमी असले की मधे अहमदपूरला. आमच्यात मोठी लेखिका कुणी नाही. पण कागद पाठवणं, तो परत येणं, पुन्हा पाठवणं हे आम्ही बरीच वर्षं केलं आहे, तेवढ्या अधिकारानं बोलतो.

लोक म्हणतात, उमेद धरा. आता आपल्याकडे उमेद म्हटलं की आधी बचत गटाची ताई आठवते, कारण त्या सरकारी अभियानाचं नावच उमेद आहे. नाव चांगलं आहे. पण मनातली उमेद सांगून येत नाही. जून कोरडा जातो, दुबार पेरणीची पाळी येते, सासूबाईंचं डायलिसिस असतं, पोराची फी असते, अशा दिवसांत कुणी धीर धर म्हणालं तर रागच येतो. आमचा अनुभव वेगळा आहे. मन बरं झाल्यावर कागद हातात घेऊ, असं ठरवलेल्या बाईचा कागद तसाच राहतो. मन बरं नसताना जिनं फक्त एक पान उतरवून काढलं, किंवा पाकिटावर पत्ता लिहून ठेवला, तिचं काम पुढे सरकतं. आणि काम सरकलेलं दिसलं की मनही थोडं सरकतं. लिहिल्यानं दुःख जातं असं आम्ही म्हणणार नाही. ते खोटं आहे.

हे नुसतं आमचं म्हणणं नाही. आपल्या भाषेत बायकांचं लेखन छापून कसं आलं ते बघा. जवळजवळ प्रत्येकीच्या मागे जपून ठेवलेला एखादा कागद आहे.

फलटणच्या बेबीताई कांबळे तुम्ही ऐकल्या असतील. १९२९ चा जन्म, लग्न तेराव्या वर्षी. नवरा-बायकोनं द्राक्षं विकण्यापासून सुरुवात केली, मग भाजी, मग किराणा. दुकानात पुड्या बांधायला जुनी वर्तमानपत्रं यायची, गल्ल्यावर बसून बेबीताई ती वाचायच्या. वाचनाची गोडी लागली, मग वाचनालय लावलं, आणि मग गिऱ्हाईक नसेल तेव्हा त्या लिहायला लागल्या. काय लिहिलं? आपल्या महार समाजाचं जगणं, आणि त्यातल्या बाईचं जगणं. भूक, देवदेव, सासुरवास, बाबासाहेबांच्या शब्दानं उठलेली माणसं. नवरा संशयी होता, मारायचा, हे त्यांनी पुढे उघडपणे सांगितलं आहे. त्यामुळे लिहिलेलं कुणाच्या हाती लागणार नाही अशा जागी दडवून ठेवायचं. असं किती दिवस? वीस वर्षं.

बायांनो, वीस वर्षं म्हणजे घरात जन्मलेली लेक सासरी जाते एवढा काळ. त्या काळात रोज संध्याकाळी दुकान बंद करताना त्यांच्या मनात काय येत असेल? आम्ही गटात यावर खूप बोललो आहोत. एकीचं म्हणणं, त्यांना खात्री होती की हे कधीतरी बाहेर येणार. दुसरी म्हणाली, खात्रीबित्री काही नसेल, फाडून टाकवत नव्हतं एवढंच. आम्हाला दुसरीचं पटतं. मोठा विश्वास लागतच नाही. फाडून न टाकणं पुरतं.

पुढे फलटणमध्ये राहून संशोधन करणाऱ्या मॅक्सीन बर्नसन या अमेरिकेतून आलेल्या आणि इथल्याच झालेल्या बाईंना त्या लेखनाचा पत्ता लागला. त्यांनी छापायचा आग्रह धरला. १९८२ साली ते 'स्त्री' मासिकात क्रमशः आलं. १९८६ साली 'जिणं आमुचं' या नावानं पुस्तक झालं. २००८ साली माया पंडितांनी इंग्रजीत नेलं, आणि आज ते देशाबाहेरच्या विद्यापीठांतही वाचलं जातं. बघा, आधी वही, मग एक वाचणारी, मग मासिक, मग पुस्तक. एकदम पुस्तक नाही. ही पायरी आपण सगळ्या चुकवायला बघतो, म्हणून सांगतो.

दुसरी गोष्ट आपल्या सगळ्यांच्या ओठांवर असलेल्या बहिणाबाईंची. १८८० साली जळगावजवळच्या असोद्याला जन्म, अक्षर लिहिता येत नव्हतं. त्या जात्यावर, शेतात म्हणायच्या आणि मुलगा सोपानदेव आणि घरातलाच एक भाऊबंद जमेल तेव्हा लिहून घ्यायचे. १९५१ च्या डिसेंबरात त्या गेल्या. सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली संग्रह निघाला. स्वतःचं छापलेलं एकही पान हातात न घेता बाई गेली. आणि जे कुणी लिहून घेतलं नाही ते त्यांच्याबरोबर गेलं. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे अजून अशा आज्या आहेत. गंगाखेडच्या जनाबाईंपासून हा आपला मुलूख ओव्या-अभंगांचा. घरात फोन आहे, त्यात आवाज धरून ठेवायची सोय आहे, आणि आजी अजून आहे. बाकी तुम्ही समजून घ्या.

आता कुणी म्हणेल, ह्या फलटणच्या, त्या खानदेशच्या. मराठवाड्याचं काय? आपल्याकडे उशीर झाला हे खरं, आणि त्याला कारण होतं. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. कारभार उर्दूत, वरचं शिक्षण उर्दूत. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघालं ते उर्दू माध्यमाचं. मराठी शाळा मोजक्या, त्यात मुली किती असणार? तिकडे १८५५ साली मुक्ता साळवे नावाच्या जोतिबा-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मुलीचा निबंध 'ज्ञानोदय' मध्ये छापून आला होता, १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांचं 'स्त्री-पुरुष तुलना' निघालं होतं. आपल्या पणज्यांना तेव्हा पाटी मिळाली नव्हती. म्हणून आमच्यातली एखादी म्हणते की माझ्या घराण्यात लिहिणारी मी पहिली, तेव्हा ती बढाई नसते, साधा हिशेब असतो.

ताराबाईंचं पुस्तकसुद्धा नंतर लोक विसरले होते. १९७५ साली स. गं. मालश्यांनी ते पुन्हा छापलं तेव्हा ते नव्यानं हाती आलं. मधे नव्वदच्या वर वर्षं गेली. एखादी प्रत कुणीतरी जपली म्हणून हे झालं.

आणि आपल्या नांदेडची कविता महाजन. ५ सप्टेंबर १९६७ चा जन्म, नांदेडचाच. आधी कवितेनं लोकांपुढे आल्या, मग २००५ साली 'ब्र' ही कादंबरी आली. ग्रामपंचायतीत निवडून आलेल्या आदिवासी बायकांची, आणि त्यांच्यात काम करता करता स्वतःला उभं करणाऱ्या एका बाईची गोष्ट. नाव बघा ना. आपल्या आयांनी आपल्याला हेच तर शिकवलं, ब्र काढायचा नाही. त्यांनी तेच अक्षर पुस्तकाच्या तोंडावर छापलं. दोन वर्षांनी 'भिन्न' आली, एच.आय.व्ही. च्या विळख्यात सापडलेल्या बायकांवर. २०१८ साली अवघ्या एक्कावन्नाव्या वर्षी त्या गेल्या. आमच्यातल्या दोघी-तिघींनी 'ब्र' वाचनालयातून आणून पाळीपाळीनं वाचली. एकीनं ती पदराखाली झाकून घरी नेली होती, कारण आत काय आहे ते घरात आधीच कुणीतरी सांगून ठेवलं होतं.

आता आमच्यातल्या एका अक्कांचं सांगतो. नाव घेत नाही, त्यांना आवडायचं नाही. औसा तालुक्यातल्या, किल्लारीच्या बाजूच्या. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, ही वेळ त्या भागात पोराटोरांना पाठ आहे. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बुडवून माणसं झोपली होती. अक्का तेव्हा नव्यानं सासरी नांदायला आल्या होत्या. त्या वाचल्या. घरातली कोण कोण गेली ते त्या बोलत नाहीत.

पंधरा-सोळा वर्षांनी त्यांनी लिहायला घेतलं. आम्हाला वाटलं, त्या पहाटेचं लिहितील. त्यांनी लिहिलं माळवदावर. घराचं माळवद कसं असायचं, खाली दगडमातीच्या जाड भिंती, वर सर, त्यावर फळ्या, आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. पावसाळ्याच्या आधी दरवर्षी नवी माती कशी घालायची, ती कुठून आणायची, पायानं कशी दाबायची, उजेडासाठी ठेवलेल्या साण्यातून दुपारचं ऊन चुलीपुढे कुठवर येतं आणि त्यावरून सासूबाई वेळ कशी सांगायच्या. शेवटी दोनच ओळी, की हीच माती त्या पहाटे अंगावर आली, आणि नव्या वसाहतीतल्या घराला साणं नाही. बस्स.

तो लेख पहिल्यांदा एका मासिकाकडे गेला. दीड महिन्यानं परत आला, वर छापील चिठ्ठी, साभार परत. हे दोन शब्द ज्यांनी वाचले आहेत त्यांना ठाऊक, पोटात कसं होतं. साभार म्हणजे आभारासहित. आभार मानून दार लावायची ही रीत मोठी सभ्य, पण दार लागतंच. अक्कांनी चिठ्ठी वहीत ठेवली आणि म्हणाल्या, "काय लिवायलीस म्हणून घरचे विचारायलेत, आता काय सांगू?" आम्ही सांगितलं, घरी सांगा, मुंबईहून पत्र आलंय. ते खोटंही नव्हतं.

दुसऱ्या ठिकाणाहून उत्तरच आलं नाही. तिसऱ्यांदा आम्ही तो एका दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीकडे दिला. छापून आला, पण निम्मा कापून. मातीचं सगळं राहिलं, साण्याचं गेलं. अक्का दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांच्याच वसाहतीतल्या एक म्हाताऱ्या बाई कातरण घेऊन त्यांच्याकडे आल्या, नातीकडून वाचून घेतलं होतं, आणि म्हणाल्या, "तुमी साणं इसरलाव की." मग दोघी बसल्या आणि कुणाच्या घराला साणं कुठं होतं याची उजळणी केली. गेलेल्या घरांची, घरातल्या माणसांसकट. पुढे अक्कांनी तो लेख मोठा केला, वसाहतीतल्या आणखी बायकांना विचारून, आणि एका दिवाळी अंकात तो पुरा आला. तेव्हा मूळ लेख लिहून चार वर्षं झाली होती.

छापून येण्यानं काय होतं, तर हे होतं. मान मिळतो का? थोडाफार. पैसे? बहुतेक ठिकाणी मानधन नसतं, असलं तर चहापाण्यापुरतं, हे आधीच माहीत असलेलं बरं. पण तुम्ही एकटीनं धरून ठेवलेली गोष्ट दुसऱ्या कुणाच्या तरी हातात जाते, आणि ती बाई तुम्हाला तुमच्या लेखात काय राहिलं ते सांगायला येते.

आता कामाचं. कागद-पेन असेल तर घ्या.

एकदम पुस्तक करायला धावू नका. आधी एक लेख, एक कथा, दोन-तीन कविता. कुठे पाठवायच्या? तुमच्या गावच्या किंवा तालुक्याच्या वाचनालयात जा आणि मासिकं चाळा. अंकात आत, अनुक्रमणिकेच्या जवळ, संपादकाचं नाव आणि पत्ता असतो, तो उतरवून घ्या. त्याआधी तो अंक वाचा. विनोदी अंकाला रडकी कथा पाठवून संपादकाला दोष देऊ नये. आपल्या इकडच्या दैनिकांच्या पुरवण्या आहेत, मराठवाडा साहित्य परिषदेचं 'प्रतिष्ठान' आहे, बायकांची मासिकं आहेत. विद्याताई बाळांनी १९८९ साली सुरू केलेलं 'मिळून साऱ्याजणी' आमच्या गटात फिरत असतं, त्याची पानं शेवटी शेवटी हळदीनं पिवळी झालेली असतात.

हातानं लिहिणार असाल तर कागदाच्या एकाच बाजूला, समास सोडून, दोन ओळींत अंतर ठेवून. प्रत्येक पानावर आकडा आणि आपलं नाव. पत्ता-फोन शेवटी. हल्ली बहुतेक संपादक ई-मेलवर मागतात. तिथं एक भानगड आहे. डी. टी. पी. वाल्याकडून जुन्या फॉन्टमध्ये टाईप करून घेतलं तर समोरच्याच्या संगणकावर ते किडामुंगीसारखं दिसतं. युनिकोडमध्ये करून द्या, एवढंच त्याला सांगा, त्याला कळतं. किंवा फोनवरच मराठी कळफलक घ्या. बोलून टाईप करायची सोयही आहे. आमच्यातल्या शेतातल्या बायका निंदण झालं की बांधावर बसून फोनमध्ये बोलतात. तो फोन आपली बोली मात्र धड ऐकत नाही. 'करायलाव' म्हटलं की काहीतरी भलतंच लिहितो. मग घरी बसून दुरुस्त करायचं. बोली पुस्तकी करून टाकू नका, चुका तेवढ्या काढा.

प्रत ठेवल्याशिवाय काही पाठवायचं नाही. झेरॉक्स नाही परवडली तर फोननं प्रत्येक पानाचा फोटो काढा, आणि तो फोटो घराबाहेरच्या एका विश्वासू मैत्रिणीच्या फोनवर पाठवून ठेवा. गोदावरी, मांजरा, लेंडी, आपल्या नद्या कधी कोरड्या आणि कधी उंबऱ्यात. आमच्या एका ताईची वही पुराच्या पाण्यात लगदा झाली. फोटो होते म्हणून निम्मी तरी परत उभी राहिली.

दिवाळी अंकांचं वेळापत्रक समजून घ्या. १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन' चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही चाल आहे आणि अजूनही नव्या लेखकाला तिथं जागा मिळते, कारण अंक पुष्कळ आणि पानं पुष्कळ. पण साहित्य मागवतात जून ते ऑगस्टच्या सुमारास. म्हणजे नेमकी आपली पेरणी, खुरपणी. ज्यांनी हे ठरवलं त्यांनी सोयाबीन खुरपलेलं नसणार. म्हणून आम्ही चैत्र-वैशाखात लिहून ठेवतो. तेव्हा शेतात काम कमी असतं. अर्थात तेव्हा पाण्याचं काम वाढतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, तेव्हा आमच्या लातूरच्या मैत्रिणींनी टँकरच्या रांगेत घागरीवर वही ठेवून लिहिलं. त्यातली एक कविता छापून आली, बाकीच्या नाही आल्या.

एक छोटी वही फक्त पाठवल्याच्या नोंदीसाठी करा. काय पाठवलं, कुणाला, कोणत्या तारखेला, काय उत्तर. तीन महिने वाट बघा. मग एकदा नम्रपणे विचारा. उत्तर नाही आलं तर आता दुसरीकडे पाठवते आहे असं कळवा आणि पाठवा. एकच लेख एका वेळी दोन ठिकाणी नको, दोघांनी छापला तर पुढे दोघंही घेत नाहीत. परत आलेला कागद त्याच आठवड्यात पुढे पाठवायचा, हा आमच्या गटाचा नियम आहे. घरात पडून राहिला की तो आपल्याकडे बघत बसतो.

पुस्तकाचं बोलू. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ आहे, १९६० साली स्थापन झालेलं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले अध्यक्ष. पहिलंच पुस्तक असलेल्या नवलेखकांसाठी त्यांची अनुदान योजना आहे. वर्तमानपत्रांत निवेदन येतं, त्यावर लक्ष ठेवा. हस्तलिखित तज्ज्ञ वाचतात, निवड होते. वेळ लागतो, पण तुमच्या गळ्यातलं मोडावं लागत नाही.

गळ्यातलं मुद्दाम म्हणालो. आमच्या एका मैत्रिणीला एका प्रकाशकाचा फोन आला, ताई, तुमच्या कविता फार सुंदर, पुस्तक काढू, तुम्ही फक्त एवढे भरा. एवढे म्हणजे तिच्या घरच्या एका सोयाबीनच्या हंगामाएवढे. ती बचत गटातून कर्ज काढणार होती. पैसे देऊन पुस्तक काढणं हा गुन्हा नाही, पुष्कळ जण काढतात. पण आधी विचारा. प्रती किती छापणार? त्यातल्या मला किती? उरलेल्या कुठे विकायला ठेवणार, कोणत्या दुकानात? हक्क कुणाकडे? हे कागदावर लिहून देणार का? आम्ही हे प्रश्न तिला लिहून दिले आणि तिनं फोनवर वाचून दाखवले. त्यानंतर फोन आला नाही. वर्षभरानं त्याच कवितांतल्या तीन एका मासिकात आल्या, फुकट. प्रती पलंगाखाली गठ्ठ्यानं ठेवण्यापेक्षा आम्हाला हे बरं वाटतं.

आणि आता तो दुसरा प्रश्न, दबक्या आवाजातला. घरात एवढं चालू असताना करावं का?

ज्या घरात लिहिण्यावरून मार बसतो तिथं आम्ही धाडस कर म्हणून सांगणार नाही. बेबीताईंनी लपवलं, त्यात कमीपणा नाही. वही मैत्रिणीकडे ठेवा. टोपणनाव घ्या, संपादकाला खरं नाव फक्त कळवा, तो ते गुप्त ठेवतो. गावातल्या खऱ्या माणसांची नावं बदला, नाहीतर पारावर लेखाची चर्चा न होता तुमची होते. आणि लिहिण्यासाठी रात्रीची झोप मोडू नका. पुरुष लेखकांच्या चरित्रांत रात्र रात्र जागल्याचं येतं, पण त्यांना पहाटे पाणी भरायचं नव्हतं. आमच्यातल्या बहुतेक जणी दिवसातून वीस मिनिटं लिहितात. कुणी बसमध्ये, कुणी दवाखान्याच्या बाकावर. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून पुढे भागांनी निघाली तेव्हा त्या साठीच्या पुढे गेलेल्या होत्या. लग्नानंतर लिहा-वाचायला शिकलेली ही बाई. घाई कशाला?

ज्यांच्या घरातला कर्ता माणूस कर्जापायी स्वतःहून गेला, अशा तिघी आमच्यात आहेत. त्यांना काय लिहावं असं आम्ही कधी सांगितलं नाही. एकीनं पहिले सहा महिने नुसत्या उधारीच्या नोंदी आणल्या, कुणाचं किती देणं. आम्ही त्या ऐकल्या. सातव्या महिन्यात तिनं बैलाबद्दल एक पान लिहिलं. ते अजून कुठे पाठवलं नाही, ती म्हणेल तेव्हा पाठवू. आणि कधी दिवस इतका काळा असेल की लिहिणं तर सोडाच, जगणंच नको वाटायला लागलं, तर वही बाजूला ठेवा आणि माणसाशी बोला. शेजारणीला उठवा. टेलिमानस म्हणून सरकारी सेवा आहे, नंबर १४४१६, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. नंबर पुन्हा सांगतो, एक चार चार एक सहा.

२०२२ च्या एप्रिलमध्ये उदगीरला पंच्याण्णवावं साहित्य संमेलन भरलं, भारत सासणे अध्यक्ष होते. ऊन म्हणजे ऊन. आम्ही सात जणी गेलो होतो. मांडवात मोठी भाषणं झाली, पण आम्हाला आठवतात ती पुस्तकांची दुकानं. आमच्यातल्या एकीनं एका दुकानात तो अंक शोधून काढला ज्यात तिची कथा होती, आणि दुकानदाराला म्हणाली, "हे माझं हाय." त्यानं आधी अंकाकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि तिला बसायला स्टूल दिलं. तिनं आपलाच अंक पैसे देऊन विकत घेतला. एक प्रत तिच्याकडे होती, पण ती जाऊबाईंनी नेली होती आणि परत दिली नव्हती.

येत्या महिन्याची बैठक अहमदपूरला आहे, दुसऱ्या रविवारी अकरा वाजता. जागा कार्यक्रमानंतर सांगतील. येताना एकच पान आणा, सुवाच्य लिहिलेलं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी तसंच यावं, लिहून घ्यायला आमच्यातल्या दोघी बसतात. परत आलेले कागद असतील तर तेही आणा, पाकिटं आणि तिकिटं आमच्याकडे आहेत. डबा आपापला.